पाच सेकंदांत बसणारं उदाहरण

“पाच सेकंद म्हणजे नक्की किती?” गिरमे सरांनी विचारलं.

टेबलाभोवती बसलेल्या आम्हा तिघांपैकी कोणीच उत्तर दिलं नाही. साहेबांचा प्रश्न खरा आहे की आपली परीक्षा चालली आहे, हे कळेपर्यंत गप्प राहायचं, ही आमच्या केंद्राची शिस्त होती. अधीक्षक खटावकरांनी तेवढ्यात मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकून घेतली. वेळ आलीच तर मोजून दाखवायची त्यांची तयारी होती.

याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या आठवणीवर माझा स्वतःचाच फारसा विश्वास नाही, पण हा प्रश्न मात्र जसाच्या तसा लक्षात आहे.

आमचं केंद्र सांगलीला होतं. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या विहिरींची पाण्याची पातळी मोजायची आणि कोणत्या गावाचं पाणी कधी आटेल याचा अंदाज बांधायचा, हे आमचं काम. अंदाज बांधायची पद्धत संचालक डॉ. पुरुषोत्तम गिरमे यांची होती. तरुणपणी त्यांनी ती प्रबंधात मांडली होती आणि त्यानंतर नवीन काही मांडायची गरज त्यांना वाटली नव्हती. या पद्धतीचं शर्वरी मगदूम या मुलीने पॅकेज केलं होतं, म्हणजे कोणालाही आपल्या संगणकावर घेऊन वापरता येईल अशी फंक्शनांची, एकेक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, जुडी. जगभरातली अशी पॅकेजेस एका ठिकाणी ठेवलेली असतात. तिथे आपलंही जावं, अशी गिरमे सरांची इच्छा होती.

पण तिथे कोणतंही पॅकेज तपासल्याशिवाय घेत नाहीत. प्रत्येक फंक्शनला मदतीचं एक पान लागतं, पानाच्या शेवटी एक उदाहरण लागतं, आणि त्यांचा संगणक प्रत्येक उदाहरण खरोखर चालवून बघतो. उदाहरणाला पाच सेकंदांहून जास्त लागले की पॅकेज परत. मदतीची ही पानं मी लिहिली होती. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो होतो. संगणकातलं मला काही कळत नाही हे मी आधीच सांगितलं होतं, पण पूर्ण वाक्यं लिहू शकणारा दुसरा माणूस त्यांना मिळाला नाही. निदान खटावकरांनी मला नेमताना असंच सांगितलं.

आमच्या मुख्य फंक्शनच्या उदाहरणात जत तालुक्यातल्या सगळ्या विहिरी होत्या. ते सुरू करून शर्वरी जेवायला जायची. डबा धुऊन परत यायची, तरी ते चालूच असायचं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण शर्वरीला ते परवडणारं नव्हतं. ती अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर काम करत होती. मार्चमध्ये मूल्यमापन समिती यायची होती. तोपर्यंत पॅकेज स्वीकारलं गेलं तर तुमची जागा कायम, नाहीतर मार्चअखेर तुम्ही मोकळ्या, असं गिरमे सरांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या शब्दावर तिने पुण्याची एक नोकरी नाकारली होती. सरांना हे माहीत होतं. आपल्या शब्दाला किती किंमत आहे याचा दाखला म्हणून ते ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचे.

पॅकेज एकदा पाठवून परत आलं होतं. सोबतचं पत्र हेंड्रिक नावाच्या कोणा परदेशी तपासनिसाचं होतं. दोन ओळींचं. उदाहरणाला फार वेळ लागतो, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. गिरमे सरांना त्यातली पहिली ओळ उद्धट वाटली आणि दुसरी अपमानास्पद. मग त्यांनी उपाय मागवले.

खटावकरांनी नवीन संगणक घ्यायचं सुचवलं. तपासणी त्यांच्या संगणकावर होते, आपल्या नाही, असं शर्वरीने हळू आवाजात सांगितलं. मग आपला त्यांच्याकडे पाठवता येईल का, अशी खटावकरांची पृच्छा होती. यावर विचार करू, असं सर म्हणाले, आणि मला वाटतं त्यांनी तो खरंच केला.

मग शर्वरीने एका खुणेची माहिती दिली. ही खूण केलेलं उदाहरण पानावर दिसतं, पण तपासताना चालवलं जात नाही. काही उदाहरणं खरोखर चालवता येण्यासारखी नसतात, एखाद्याला पासवर्ड लागतो, एखाद्याला दुसरं कुठलं यंत्र, त्यांच्यासाठी ती सोय असते. सरांना ही खूण बेहद्द आवडली. काम दिसावं पण व्हायला लागू नये, ही व्यवस्था त्यांना समजावून सांगावी लागली नाही. एकाच उदाहरणाला खूण केली तर लोक संशय घेतील, म्हणून त्यांनी सरसकट सगळ्यांना करायला सांगितली. दोन सेकंदांत होणाऱ्या बिचाऱ्या उदाहरणांनाही.

हेंड्रिकचं उत्तर आलं. तुमचं एकही उदाहरण चालत नाही, मग पॅकेज चालतं हे कोणी कशावरून मानायचं?

“शंकेखोर माणूस आहे,” सर म्हणाले.

तिसरा उपाय विहिरी कमी करण्याचा. जतच्या सगळ्या विहिरींऐवजी एका गावातल्या तीनच ठेवल्या. उदाहरण झटक्यात संपलं. फक्त त्यातून असा अंदाज निघाला की त्या गावाचं पाणी मागच्या डिसेंबरातच आटून गेलं आहे. त्या गावचे लोक अजून अंघोळी करत होते. तीन विहिरींवर अंदाज बांधायचा नसतो हे मला सांगता आलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही आणि न विचारता बोलण्याइतकी माझी कधीच खात्री नसते. निम्म्या विहिरी घेतल्या तर अंदाज बरा यायचा, पण वेळ पाच सेकंदांच्या जवळपासही यायचा नाही.

अशात फेब्रुवारी निम्मा सरला.

मी तेव्हा त्याच फंक्शनचं पान पुन्हा लिहायला घेतलं होतं. पानात ‘तपशील’ म्हणून एक भाग असतो. त्यात फंक्शन काय काय करतं ते क्रमाने सांगायचं. मला प्रोग्रामिंग येत नाही, म्हणून मी ते फंक्शन पुस्तकासारखं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. जाणकार असं करत नाहीत म्हणे. वाचताना एका ठिकाणी मी अडलो. माझंच चुकत असणार असं समजून दोन दिवस तसाच बसलो. मग शर्वरीच्या टेबलाशी गेलो.

“मगदूमबाई, हे जरा सांगता का?”

“मला बाई म्हणू नका हो सर, मीच मला पन्नाशीची वाटायला लागते. काय अडलं?”

मी म्हणालो, इथे सगळ्या विहिरी पातळीप्रमाणे क्रमाने लावल्या आहेत असं दिसतं. मग पुढच्या विहिरीकडे वळल्यावर पुन्हा सगळ्या लावल्या आहेत. त्याच्या पुढच्या विहिरीला परत. हे मी कसं लिहू? मला काहीतरी कळलेलं नाही.

ती उठली आणि तिने दार लोटून घेतलं.

“सर, तुम्हाला बरोबर कळलंय. हे कोणाजवळ बोलू नका.”

मग तिने सांगितलं, समजा, तुम्ही वाचनालयात एक पुस्तक मागितलंत. ग्रंथपालाने ते देण्याआधी सगळं वाचनालय पुन्हा नव्याने लावलं. तुमच्या मागच्या माणसाने पुस्तक मागितलं, पुन्हा सगळं वाचनालय. आपलं उदाहरण यामुळे अडलंय. उदाहरणात काही खोट नाही. विहिरी जास्त नाहीत. क्रम एकदाच लावून जपून ठेवला की काम झालं.

मी विचारलं, मग करून का बघत नाही? तिने एक फाइल उघडली आणि उदाहरण चालवलं. अख्खा जत तालुका मी चष्मा पुसेपर्यंत संपला. उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत तेच. हे तिने वर्षापूर्वीच करून ठेवलं होतं.

माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिने मूळ फंक्शन वर सरकवलं. अगदी माथ्यावर एक ओळ होती: ‘मूळ पद्धत. डॉ. पु. गि. यात बदल करू नये.’

“तुमच्या आधी इथे कुंभोजकर होते,” ती म्हणाली. “त्यांनी हेच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. चांगला फळ्यावर आकृती काढून. आता उमदीला पर्जन्यमापक वाचतात.”

“उमदीला तर पाऊसच नसतो.”

“म्हणून तर पाठवलं.”

म्हणजे एवढे दिवस आम्ही उदाहरणाला झाकत होतो, कापत होतो, त्याच्यासाठी संगणक पार्सलने पाठवायच्या गोष्टी करत होतो, आणि ते बिचारं फक्त साहेबांचं फंक्शन जसं आहे तसं दाखवत होतं. हे शर्वरीला माहीत होतं. खटावकरांनाही असावं, कारण या विषयावर ते फारच उत्साहाने भलतं बोलायचे. सरांना माहीत होतं का, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

त्यानंतर चार-पाच दिवस मला नीट जेवण गेलं नाही. मी निवृत्त माणूस होतो. मला फार तर घरी पाठवलं असतं, आणि घरी मला आवडतं. तेव्हा सांगायचंच झालं तर ते मीच सांगायला हवं होतं, एवढा हिशेब मलाही जमत होता. पण मी जन्मात कोणा साहेबाला तुमचं चुकलं असं म्हटलेलं नाही. बायकोलाही नाही. मी ते वाक्य घरून केंद्रापर्यंत चालत येताना जुळवलं: सर, तुमच्या फंक्शनमध्ये एक उणीव आहे. ‘उणीव’ फार होतं असं वाटून ‘जागा’ केलं. सुधारणेला जागा आहे. दारापाशी पोचेपर्यंत मला तेही उर्मट वाटू लागलं.

“बोला आवटी,” सर म्हणाले. ते समितीसाठी स्वतःची माहिती लिहीत होते आणि तिसऱ्या पानावर होते.

मी तोंड उघडलं, आणि भलतंच वाक्य बाहेर पडलं.

“सर, तुम्ही मागे म्हणाला होतात ना, की विहिरींचा क्रम एकदाच लावायचा आणि जपून ठेवायचा, प्रत्येक वेळी नव्याने लावायचा नाही. ते मदतीच्या पानात तुमच्या नावाने घालू का?”

असं ते कधीच म्हणाले नव्हते. मला ते वाक्य कुठून सुचलं कोण जाणे. कदाचित इतकी वर्षं प्राचार्यांशी मी असाच बोलत आलो असेन आणि मला ते ठाऊक नसेल.

सरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, काचांकडे पाहिलं, परत घातला. आता ते विचारणार, मी हे कधी म्हणालो? आणि मी उमदीला घर बघणार, असं माझ्या मनात आलं. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

“म्हणालो होतो,” सर सावकाश म्हणाले. “कधीचा म्हणतोय मी. मग अजून केलं का नाही?”

शर्वरीला बोलावणं गेलं. सांगितलेलं ऐकायचं नाही, ऐकलेलं करायचं नाही, आणि मग परदेशातून अशी पत्रं येतात, यावर सर बराच वेळ बोलले. ती जमिनीकडे पाहत उभी होती. शेवटी म्हणाली, “सॉरी सर. आज करते.” वर्षभर तयार असलेली फाइल तिने लगेच नेली नाही. एवढ्या झपाट्याने काम झालेलं आमच्या केंद्रात चाललं नसतं. ऑफिस सुटायच्या बेताला तिने ती पाठवून दिली.

जिन्यात तिने मला गाठलं. ती खूश असेल अशी माझी भाबडी समजूत.

“सर, ज्याला हात लावायला मी वर्षभर भ्यायले, ते तुम्ही एका वाक्यात त्यांच्या नावावर करून आलात.”

“चुकलं का माझं?”

“पॅकेज जाईल आता. पण समिती विचारेल, या मुलीने काय केलं. माझ्या नावावर काय उरलंय, सांगा.”

मदतीच्या पानात तुमचं नाव घालू, असं काहीतरी मी पुटपुटलो असेन. ती निघून गेली.

पॅकेज गेलं. उदाहरणांवरच्या खुणा काढल्या, सगळ्या विहिरी परत आणल्या, आणि हेंड्रिकचं एका ओळीचं पत्र आलं: आभार, स्वीकारलं आहे. सरांनी ते पत्र लॅमिनेट करून घेतलं. या वेळी त्यांना एक ओळ अपुरी वाटली नाही.

समिती मार्चच्या मध्याला आली. अध्यक्ष वयस्कर होते आणि चहाची वेळ विचारून स्थिरावले. दुसरे सदस्य अध्यक्षांकडे पाहत होते. तिसऱ्या डॉ. विनया नाडगौडा. त्यांनी मात्र कागद वाचून आणले होते, आणि असं माणूस समितीत कसं आलं याचं खटावकरांना आश्चर्य वाटल्याचं दिसत होतं.

गिरमे सरांनी पडद्यावर ‘गिरमे सुधारणा’ दाखवली. क्रम एकदाच लावायचा, या साध्या वाटणाऱ्या कल्पनेमागे किती चिंतन आहे ते सांगितलं. मग अध्यक्षांनी शर्वरीची फाइल उचलून विचारलं की या बाई नक्की काय करतात. खटावकर म्हणाले, संगणकाचं बघतात. अध्यक्षांनी फाइल खाली ठेवली. ती ज्या गठ्ठ्यावर ठेवली तो बघायच्या कागदांचा नव्हता, बघून झालेल्यांचा होता. शर्वरीनेही ते पाहिलं.

तेवढ्यात नाडगौडा बाईंनी विचारलं, “क्रम एकदा लावून जपून ठेवता हे ठीक. पण मोसमाच्या मध्येच एखादी विहीर कोरडी पडली, तर तो जपलेला क्रम खोटा नाही का ठरत?”

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. अर्धा प्याले. मग उरलेला प्याले.

“अत्यंत मूलभूत प्रश्न,” ते म्हणाले. “अशा प्रश्नांना आमच्याकडे तरुणांनी उत्तर द्यावं असा माझा आग्रह असतो. मगदूम, सांगा.”

शर्वरी उठून उभी राहिली. एक वाक्य पुरे होतं. हे मी केलंय, वर्षापूर्वी. तिला ते माहीत होतं आणि सरांच्या रिकाम्या ग्लासावरच्या बोटांनाही माहीत होतं. मी टेबलाच्या कडेकडे पाहत बसलो.

“गिरमे सरांचं म्हणणं असं आहे,” ती म्हणाली, “की कोरडी विहीर क्रमातून काढायचीच नाही. तिची जागा रिकामी म्हणून नोंदवायची आणि फक्त तिच्या खालच्या विहिरी तपासायच्या. वरच्यांना हात लावायचा नाही.”

सरांनी मान डोलावली.

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. शर्वरी म्हणाली, याबाबत गिरमे सरांचं म्हणणं असं आहे. मग त्यापुढचा. गिरमे सरांचं त्यावरही म्हणणं होतं. गिरमे सरांनी कुठल्या चुका आधी करून पाहिल्या आणि त्या का सोडल्या, हेही तिने सांगितलं. पुढेपुढे बाई सरांकडे बघेनाशा झाल्या. प्रश्न शर्वरीला विचारायच्या, आणि ती उत्तर गिरमे सरांच्या नावे द्यायची. सर मनापासून ऐकत होते. एकदा तर त्यांनी पेन काढून स्वतःचं म्हणणं टिपून घेतलं.

शेवटी नाडगौडा बाईंनी आपली फाइल मिटली.

“गिरमे सर, तुमचं म्हणणं इतकं स्वच्छ आहे की हैदराबादच्या परिषदेत तुम्ही व्याख्यान द्यायलाच हवं. मी नाव सुचवते. अर्धा तास व्याख्यान,” आणि त्या शर्वरीकडे बघत म्हणाल्या, “नंतर तासभर प्रश्नोत्तरं असतात. तिथले लोक फार खोदून विचारतात.”

सरांनी होकार दिला. व्याख्यान म्हटल्यावर ते नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पण प्रश्नोत्तरांचा तास त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेला, आणि त्यांची नजर बघून झालेल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे वळली.

समिती गेल्यावर मी शर्वरीला विचारलं, की संधी होती, मग स्वतःचं नाव का घेतलं नाही.

“स्वतःचं म्हणून सांगितलं असतं तर पहिल्या वाक्यानंतर कोणी ऐकलं असतं का सर? कुंभोजकरांनी सांगितलं होतं की.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि ही पद्धत तुमचीच आहे. मी फक्त जरा लांबवली.”

हे कौतुक होतं की काय, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सर सकाळीच खटावकरांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. कायम करण्याचा प्रस्ताव नियमाप्रमाणे तीन टेबलांवरून जातो, एप्रिल उजाडेल, असं खटावकरांनी सांगितलं. ती तिन्ही टेबलं सरांनी स्वतः हिंडून पालथी घातली. संचालक हातात फाइल घेऊन जिना चढताहेत हे दृश्य बघायला लोक खोल्यांतून बाहेर आले. दुपारी आदेश टाइप होऊन सही-शिक्क्यानिशी तयार होता.

सरांनी शर्वरीला बोलावलं. मीही तिथे होतो, पानाची एक शंका घेऊन आलो होतो आणि विचारायचा धीर होत नव्हता.

“अभिनंदन, मगदूम,” सर म्हणाले. “केंद्राला तुमच्यासारख्यांची गरज आहे. आता पुण्याला वगैरे जायचं मनात आणायचं नाही.”

तिने आदेश उभ्याउभ्या पूर्ण वाचला, तारखेसकट, आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“आणि हे बघा,” सर आवाज उतरवून म्हणाले, “हैदराबाद तोंडावर आलंय. माझं म्हणणं काय आहे, ते जरा मला लिहून द्या.”

“देते सर,” शर्वरी म्हणाली. “किती वेळात संपायला हवं?”